मंडळींची सूज उतरली!

मधुमेहातल्या सुजेचा विषय माझ्यासमोर काढू नका! काढलात तर तुमचं जेवण गार होईल, पण माझं बोलणं संपणार नाही. प्रयोगशाळेत मी एका झुडपाच्या पानांतून सूज उतरवणारं द्रव्य वेगळं काढते. त्या दिवशी निकाल इतका झकास आला, की घरात पाऊल टाकतानाच मी जाहीर केलं, "आमच्या मंडळींच्या पंजांची सूज उतरली!"

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांना जुना मधुमेह, त्यात दोन्ही पाय सुजून टम्म, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की ऐकूच येत नाही.

"चालतात का आता?"

"चालतात? रात्रभर पळतात, बाबा!"

"खायला-प्यायला?"

"सगळं आमच्याकडून. झोपायला मऊ भुसा."

"भुसा? गादी नाही?"

"गादी कुरतडतात हो!"

बाबा आपल्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं, माझ्या हुशारीने भारावले!

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या रखवालदाराचा फोन. "मॅडम, एक आजोबा आलेत. भरती व्हायचंय म्हणतात. उशी घेऊन आलेत."

मी धडाधड जिना उतरले. तोवर रखवालदाराने गोंधळून प्राणिगृहात फोन लावला होता, आणि तिथली बाई स्पीकरवरून खणखणीत आवाजात विचारत होती, "नवीन आलाय? वजन घे! नर आहे ना? शेपटीवर खूण केलीय का बघ!"

बाबांनी आधी मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, ती मंडळी म्हणजे... उंदीर."

"उंदरांना मधुमेह? कुठून झाला?"

"आम्हीच करतो."

"तुम्हीच करता आणि तुम्हीच सूज उतरवता? मग तुला पगार कशाचा देतात?"

मी त्यांच्या हातातली उशी घेतली.

"बरं, माणसांना कधी देणार?"

"सगळं नीट झालं, तर काही वर्षांनी."

"अगं, मी सकाळपासून माझ्या गोळ्या बंद केल्यात!"

मी उशीसकट त्यांना गाडीत कोंबलं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी साखर तपासली, दोघांनाही झापलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मग बाबांचे नवे बूट काढून पाय उलटसुलट करून पाहिले.

"नशीब, जखम नाही. पण हे वळ बघा! बूट चांगले एक नंबर लहान आहेत. कुणी आणले?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

काय सांगू! औषधाचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या बाईने बूट मात्र अंदाजाने आणले होते.