हकीकत निळ्या गाडीवरील चिकाच्या मोहिमेची

आपली वस्तू मळली असता मनुष्य आपल्या मनासी जाब देतो. परंतु दुसऱ्याने विश्वासे हाती दिधलेली मळली, तर जाब दोन ठिकाणी द्यावा लागतो, आणि त्यांतील एक ठिकाण सासुरवाडी असेल तर अन्न गोड लागत नाही. मळ काढावा हा धर्म खराच. परंतु मळासंगे मूळची कांतीही खरवडून निघाली, तर त्या धर्माचा अधर्म होतो. ऐसा नाजूक प्रसंग राजमान्य राजश्री जावईबापू, पेशा भूगोलाचे मास्तर, यांजवर गुदरला, तो जैसा जाहला तैसा येथे लिहिला आहे.

श्रीमंत सासरेबुवा यांचे पदरी गडद निळ्या रंगाची एक चारचाकी होती. तिजवर त्यांची मर्जी ऐसी की, नित्य प्रातःकाळी पिवळे फडके हाती घेऊन तिजला कोरडेच पुसावे, मनगट गोल गोल फिरवावे, चार पावले मागे सरून पाहावे, आणि मगच चहास हात लावावा. तिची किल्ली पोटच्या लेकीसही कधी दिली नव्हती. परंतु वयोमानाने दृष्टी मंदावली, आणि वळणावर फुटपाथासी झटापट होऊ लागली, तेव्हा बहिणीचे गावी जाण्यास निघताना श्रीमंतांनी किल्ली जावयाचे तळहातावर ठेविली आणि फर्माविले जे, "मी येईपर्यंत सांभाळा. आल्यावर गाडी बघतो, मग ठरवू किल्ली कुणाकडे राहायची ते." लेक हसली. जावईबापू हसले नाहीत. भर वर्गात नकाशा उलटा टांगला गेला तरी न डगमगणारा हा पुरुष, परंतु त्या किल्लीच्या भाराने त्याचा हात खाली आला.

मग मास्तरांनी मनाशी मसलत केली की, उन्हाने रंग विटू नये, सबब गाडी रस्त्याकडेच्या थोरल्या झाडाचे छायेस लावावी. हेतू शुद्ध होता; झाड फितूर निघाले. त्याने वरून चिकाचे थेंब सोडिले, ते बॉनेटावर पसरले आणि वाळून खड्यासारखे कठीण जाहले. आणि शाळेच्या रस्त्यास नवे डांबर पडले होते, त्याचे काळे ठिपके दारांचे खालचे अंगास ठाणे देऊन बसले, ते निराळेच. जावईबापूंनी प्रथम पाहिले न पाहिलेसे केले. आभाळ भरले आहे, पाऊस येईल आणि सर्व धुऊन नेईल, ऐसा अदमास त्यांनी भूगोलाचे आधारे बांधिला. पाऊस आला नाही. श्रीमंतांचा फोन आला, त्यातील मजकूर येणेप्रमाणे : "उद्या संध्याकाळी पोचतोय. स्टेशनवर या. गाडी घेऊनच या."

दुसरे दिवशी सुट्टी होती, सबब सकाळीच मोहीम बाहेर पडली. घराण्याचा रिवाज म्हणून जावईबापूंनी प्रथम डिकीतील पिवळे फडकेच काढिले आणि श्रीमंतांचे तऱ्हेने मनगट फिरवून पाहिले. गनीम तसूभर हलला नाही. इतक्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरले. या काकांस स्वगृही कोणी सल्ला विचारीत नसे, सबब अवघ्या इमारतीचे कामांत त्यांची सल्लामसलत मोफत चाले. त्यांनी बॉनेटाची पाहणी करून कौल दिला जे, "मास्तर, फडक्यानं काय होतंय? तारेची घासणी लावा. आमच्या कढईचा आरसा केलाय मी, भांग पाडून घ्या हवं तर!" आणि तात्काळ वर जाऊन घासणी घेऊन आले. जावईबापूंची मती त्या समयी ठिकाणावर नव्हती. त्यांनी घासणी घेतली, बाही सारली, हात उगारिला. तोच गॅलरीतून हुकूम सुटला :

"अहो! ती घासणी खाली ठेवा. आधी खाली ठेवा, मग माझ्याकडे बघा."

हा आवाज सौभाग्यवतींचा. त्या पेशाने दंतवैद्य, आणि लोकांच्या दातांवरील किटण उतरविण्यात त्यांची हयात चालली होती. त्या खाली आल्या, वाकून बॉनेट न्याहाळिले, जणू ते आ करून पुढ्यात बसले आहे, आणि समजावून सांगितले जे, दातावरचे किटण काढताना वरचे आवरण ओरबाडले तर ते पुन्हा उगवत नाही. गाडीच्या रंगावरही तैसेच पातळ, पारदर्शक आवरण असते. घासणी लाविली तर चीक जाईल आणि त्या आवरणासही घेऊन जाईल.

काकांस हे रुचले नाही. ते वदले, "मग काय, गाडीला गुळण्या करायला लावणार?"

"बरोबर बोललात, काका. आधी गुळण्याच."

मग खरी मोहीम मांडली. गाडी इमारतीखाली सावलीत आणिली, आणि बॉनेट गार होईतो कोणी हात लावू नये ऐसी ताकीद दिली. मग पाण्याची धार वरून खाली सोडून सुटी धूळ व वाळू आधी वाहू दिली, कारण ती कापडाखाली सापडली तर तीच सुरीचे काम करिते. मग दोन बादल्या मांडिल्या, एकीत गाडीच्या साबणाचे पाणी, दुसरीत निव्वळ पाणी. मऊ कापड साबणात भिजवावे, पुसावे, दुसरीत खळबळून मळ तेथेच सोडावा, आणि मगच पुन्हा साबणाकडे जावे. जावईबापूंस ही शिस्त मोडण्याची फार खुमखुमी होती, परंतु सौभाग्यवतींची नजर त्यांजवर होती. मग डांबराकरिता दुकानातून द्राव आणविला. तो आधी दाराचे आतील कडेस, जेथे कोणाची दृष्टी जात नाही, तेथे टिपून पाहिला. रंग उतरला नाही ऐसी खात्री जाहली, तेव्हा ठिपक्यांवर लाविला. काळे ठिपके विरघळून शरण आले, आणि ती जागा लगोलग धुऊन घेतली.

आणि चिकावर गरम पाण्यात भिजविलेला, पिळलेला टॉवेल ठेविला. लहान थेंब मऊ होऊन हळूहळू निघून आले. परंतु बॉनेटाचे मधोमध एक थेंब होता मसुराएवढा, तो काही केल्या ठाण सोडीना. टॉवेल गार झाला, पुन्हा गरम केला, पुन्हा ठेविला. जावईबापूंची दृष्टी एक वेळ घड्याळाकडे, एक वेळ थेंबाकडे, ऐसी चालली आणि बोटे आपोआप पुढे सरकली.

"नख आत," हुकूम जाहला.

"अगं, नुसतं टोकानं..."

"माझे पेशंटसुद्धा असंच म्हणतात. टाचणीनं, नुसतं टोकानं. आणि मग रडत येतात."

काका जिन्याचे पायरीवर चहाचा कप घेऊन हे युद्ध पाहात होते. त्यांनी हळूच म्हटले, "मास्तर, ऐका तिचं. आमच्या हिचं मी ऐकलं नाही, म्हणून कढई घासतोय."

मग तिसऱ्या वेळेस टॉवेल उचलिला, तो थेंब त्यासच चिकटून सगळाच्या सगळा वर आला. सौभाग्यवतींनी हातास पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटावरून बोटे फिरविली. डोळ्यांस न दिसणारी खरखर त्या पिशवीतून बोटांस कळते. जेथे खरखर लागली तेथे साबणाचे पाणी शिंपून, द्रावासंगेच दुकानातून आणविलेली, मळलेल्या कणकेसारखी मऊ क्लेची वडी न दाबता सरळ रेषेत फिरविली, आणि उरलासुरला मळ तिजमध्ये रुतून आला. एक वेळ वडीचा तुकडा जावईबापूंचे हातून जमिनीवरील वाळूत पडला, तो त्यांनी उचलून फुंकर मारिली, आणि पत्नीचे मुख पाहून मुकाट कचऱ्यात टाकिला. मग गाडी पुसून मेण लाविले, आणि ती उन्हात बाहेर काढिली.

आणि तेथे घात जाहला. तिरप्या उन्हात निळ्या रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी दिसू लागली, गोल गोल, कोळियाने विणल्यासारखी. जावईबापू मटकन पायरीवर बसले. "संपलं. सकाळी मी फडकं फिरवलं ना!"

सौभाग्यवतींनी टपावर पाहिले, मागील दारांवर पाहिले, डिकीवर पाहिले. सर्वत्र तीच वर्तुळे. त्या म्हणाल्या, "एका सकाळचं काम नाही हे. बाबांचं कोरडं फडकं आहे. इतके दिवस चिकट मळानं झाकलेलं होतं, आज तुम्ही उघडं पाडलंत. मी सांगते त्यांना."

जावईबापू उठले, आणि या अवघ्या मोहिमेत त्यांचा ऐसा एकच हुकूम सुटला : "नाही सांगायचं. रोज सकाळी प्रेमानं पुसलीय त्यांनी. किल्ली गेली तर गेली."

संध्याकाळी उभयतांनी गाडी स्टेशनाबाहेर आणून उभी केली. श्रीमंत आले, बॅग खाली ठेविली, आणि मावळत्या उन्हात बॉनेटावरून तळहात फिरविला. हात लोण्यावरून सरकावा तैसा सरकला. मग चष्मा नाकावर चढवून वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. जावईबापूंनी चार दिशा, चार उपदिशा पाहून घेतल्या. सुटकेचा मार्ग कोणीकडेच नव्हता. श्रीमंतांनी डिकी उघडिली, पिवळे फडके काढिले, आणि सवयीने हात पुढे नेला.

"बाबा, कोरडं नको!"

शब्द जावईबापूंचे तोंडातून गेला तो गेलाच. श्रीमंतांचा हात अधांतरी राहिला. त्यांनी फडक्याकडे पाहिले, ओरखड्यांकडे पाहिले, आणि मनगट हवेतच एक वेळ गोल फिरविले. वर्तुळ तंतोतंत जुळले.

"हे माझंच काम दिसतंय," ते म्हणाले.

लेक दुसरीकडे पाहू लागली. जावईबापू हळूच बोलले, "चमकते मात्र अजून, बाबा."

श्रीमंतांनी फडक्याची नीट घडी केली, मग काय वाटले कोण जाणे, वाकून त्या फडक्यानेच आपल्या बुटांवरील धूळ पुसली. जावईबापूंनी किल्ली पुढे केली. ती न घेता श्रीमंतांनी चालकाशेजारचे दार उघडिले, आत बसले, पट्टा लाविला आणि आज्ञा केली जे, "चला. आणि त्या झाडाखाली लावू नका आता. मागं मी पण फसलो होतो."

येणेप्रमाणे चिकाचा व डांबराचा पाडाव होऊन निळ्या रंगाची कांती राखिली गेली, पिवळे फडके बुटांचे चाकरीस रुजू जाहले, आणि किल्ली जावयाकडे कायम जाहली, हे येथे नमूद केले आहे. जे मळ काढिताना वस्तूस जपतात, आणि दोष दिसला असता माणसास जपतात, त्यांचे हात सदैव मऊ राहोत, त्यांच्या गाडीस शीतळ, चीक न गळणारी छाया लाभो, आणि जुन्या ओरखड्यांसह त्यांचे घर ऐसेच चमकत राहो.