बायकोवर जळणारे बोरसे सर

वाय. डी. बोरसे सर आपल्या बायकोवर जळत. एखाद्याने मला दमा आहे म्हणून सांगावे, तितक्या मोकळेपणाने ते हे सांगत. रस्त्यात कोणी "काय सर, बरं आहे ना?" म्हणून विचारले, तर ते थांबत, चष्मा पुसत आणि म्हणत, "तब्येत उत्तम. जेवण वेळेवर. फक्त बायकोवर जळतो आहे. सध्या जरा जास्तच."

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. आमच्या नंबराच्या गल्लीत सरांचे घर माझ्या खोलीच्या बरोबर समोर होते. मी गावातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. सर एका खासगी संस्थेच्या हायस्कुलात इतिहास शिकवत. घरात तीन माणसे: सर, त्यांच्या पत्नी सुमनताई आणि सरांची आई. आईला सगळी गल्ली माय म्हणे. माय अहिराणीच बोले. मायला ऐकू कमी येई, पण जे ऐकू येई त्यावर ती मत देई. मूलबाळ नव्हते.

सुमनताई लग्न होऊन आल्या तेव्हा मॅट्रिक होत्या. त्यांना पुढे शिकवायचे सरांनी ठरवले. कॉलेजात न जाता बाहेरून बी. ए.ला बसवायचे, आणि शिकवणार सर. पहाटे कंदिलाजवळ बसून त्यांनी बायकोला इतिहास शिकवला, इंग्रजी शिकवले, आणि चुकल्यावर वर्गातल्या पोरासारखे उभे केले. हे सुमनताईच हसत सांगत. "भाऊ, मी चुलीशी उभी राहूनच अर्धं पानिपत पाठ केलं. भाकरी करपली की म्हणायचे, भाकरीचं नंतर बघू, आधी सन सांग."

निकाल लागला. सरांना पूर्वी सेकंड क्लास मिळाला होता. सुमनताईंना फर्स्ट क्लास मिळाला.

सरांनी गल्लीत पेढे वाटले. पेढा हातावर ठेवताना ते प्रत्येकाला सांगत, "घ्या. माझ्या वेळी पेपर अवघड निघाले होते."

तिथून सुरुवात झाली. त्या काळी पदवी मिळाली की स्टुडिओत जाऊन काळा झगा घालून, हातात गुंडाळी धरून फोटो काढायची रीत होती. झगा फोटोवाल्याचाच असे. सरांचा तसला फोटो भिंतीवर होताच. सुमनताईंचा त्याच्या शेजारी लागला. तो थोडा मोठा आहे असे सरांना वाटले. त्यांनी शाळेतून फूटपट्टी आणून दोन्ही मोजले आणि तडक स्टुडिओत गेले. फोटोवाला म्हणाला, "सर, काच त्याच मापाची होती. आता वहिनींना कापू का?" सर परत आले. मला म्हणाले, "पत्रकार, बोटभर मोठा आहे. मुद्दा बोटभराचा नाही."

"मग कशाचा?"

"मुद्दा असा की पाहुणा आला की आधी तिकडं बघतो."

सुमनताई बी. एड.ही झाल्या. पुढे शिक्षण खात्यात निरीक्षकांच्या जागा निघाल्या. दोघांनी अर्ज केले. दोन्ही पाकिटांना तिकिटे सरांनीच लावली. मुलाखतीचे बोलावणे दोघांना आले, निवड एकीची झाली. मी बातमी केली. सर ती बघायला छापायच्या आधी कचेरीत आले. मजकूर वाचून त्यांनी खिशातून पेन काढले आणि खाली एक वाक्य वाढवले: 'सौ. बोरसे यांना संपूर्ण शिक्षण त्यांचे यजमान श्री. वाय. डी. बोरसे, बी. ए., बी. टी., यांनी दिले.' संपादकांनी ते काढले. दुसऱ्या दिवशी सर पेपर घेऊन माझ्या दारात उभे. "काय हो, तुमच्याकडं नवऱ्याला जागा नसते काय?"

माय ओट्यावरून ऐकत होती. ती म्हणाली, "बायको साहेब व्हयनी त तू कसाले जळस रे यशवंता?"

"जळू नको तर काय करू माय? तू सांग."

"भाकर खाय," माय म्हणाली.

सुमनताईंचे काम चांगले होते. साक्रीकडच्या डोंगरातल्या शाळांपर्यंत त्या एसटीने, पुढे बैलगाडीने आणि त्याही पुढे पायी जात. मास्तर शाळेत नाही असे कळले तर त्या स्वतः वर्ग घेत आणि मास्तर येईपर्यंत थांबत. आलेला मास्तर दारातच अर्धमेला होई. खात्यात त्यांचे नाव झाले. संध्याकाळी घरी आल्या की पायांवर पाणी घेऊन त्या ओट्यावर बसत आणि दिवसभर काय झाले ते सांगत. कोणत्या सरपंचाने हार घातला, कोणत्या शाळेत मुलींनी स्वागतगीत म्हटले. सर समोर बसून ऐकत. मध्येच विचारत, "हार झेंडूचा की गुलाबाचा?"

"गुलाबाचा."

"हं," सर म्हणत, आणि मान फिरवून गल्लीकडे बघत.

मग एका वर्षी सरांच्याच हायस्कुलाची तपासणी सुमनताईंकडे आली. त्यांनी कचेरीत सांगून पाहिले की दुसऱ्याला पाठवा. दुसरे निरीक्षक आजारी होते. तपासणीच्या दिवशी नवराबायको घरातून वेगवेगळे निघाले. सर दहा मिनिटे आधी गेले, कारण साहेबांच्या स्वागताला दारात शिक्षकांनी उभे राहायचे असते.

सुमनताई त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. सरांनी पानिपत घेतले. तास झाला. दुपारी शिक्षकांची सभा भरली. निरीक्षकांनी प्रत्येकाचे नाव घेऊन शेरा सांगायचा, अशी पद्धत. सुमनताई एकेक सांगत गेल्या. देशमुखांनी नकाशा वापरावा. ठाकरे यांचा तास उत्तम. पिंजारी सरांनी वह्या वेळेवर तपासाव्यात. मग त्या थांबल्या.

आमच्याकडे त्या पिढीतली बाई नवऱ्याचे नाव घेत नसे. उखाण्यात घेतले तर घेतले, एरवी नाही. सुमनताई बी. ए., बी. एड. होत्या, सरकारी अधिकारी होत्या, तरी भर सभेत ते नाव त्यांच्या तोंडून निघेना. कागदाकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि इतिहासाचे... ते. त्यांनी फळ्यावरचं अक्षर सुधारावं."

सभा हसली. हेडमास्तरांनी टेबलावर हात आपटला, मग तेही हसले.

संध्याकाळी सर माझ्याकडे आले ते तापलेलेच. मला वाटले, अक्षराचा शेरा लागला असेल.

"अक्षर गेलं खड्ड्यात," सर म्हणाले. "माझं अक्षर वाईटच आहे. पण तिनं देशमुखाचं नाव घेतलं. ठाकऱ्याचं घेतलं. पिंजाऱ्याचं घेतलं. घंटा देणाऱ्या शिपायाचंसुद्धा घेतलं हो! परक्या पुरुषांची नावं घडाघडा, आणि मी कोण? तर 'ते'. मी ठाकऱ्यावर जळतो आहे, पत्रकार. आजवर बायकोवर जळत होतो, आता ठाकऱ्यावरही."

समोरच्या ओट्यावरून सुमनताई म्हणाल्या, "भाऊ, त्यांना विचारा, अक्षर सुधारणार का?"

"तिला सांगा, नाव घेतल्यावर सुधारीन."

या गोष्टीला दोनेक वर्षे झाली असतील. सुमनताईंना बढती आली. जळगावला सरकारी अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद. तेथे राहणे सक्तीचे. सरांची शाळा खासगी, त्यामुळे त्यांना बदली मिळणे शक्य नव्हते. नोकरी सोडावी, तर त्या वयात जळगावात दुसरी कोण देणार? म्हणजे ताईंनी जायचे, सर आणि माय धुळ्यात, आणि भेट शनिवारी. पुढची सेवा दहा-बारा वर्षांची होती. एकदा नकार दिला की पुन्हा बोलावणे येईल याची खात्री नव्हती.

सुमनताईंनी नकार द्यायचे ठरवले. मला त्या शांतपणे म्हणाल्या, "घरी दोघांकडं कोण बघेल? ह्यांना तर दूधही उतू जाऊ न देता तापवता येत नाही."

गल्लीला वाटले, सरांनीच अडवले. तसे उघड बोलले जाऊ लागले. किराणा दुकानाचे शेठजी सरांना तोंडावर म्हणाले, "मास्तर, झालं ना आता समाधान? लक्ष्मी चालून आली ती दारातून परत पाठवलीत."

सर चष्माही न पुसता पिशवी उचलून चालू लागले. हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

दोन दिवसांनी त्यांच्या घरातून आवाज येऊ लागले. गल्ली खिडक्यांत आली. सर ओरडत होते आणि ओरडण्याचा विषय भामरे होता. भामरे हे सरांचे कॉलेजातले सोबती. तेही खात्यातच निरीक्षक होते, चाळीसगावला.

"तू नाही म्हटलंस की ती जागा भामरेला! पक्की बातमी आहे!" सर म्हणत होते. "थर्ड क्लास भामरे! माझ्या वह्या उतरवून पास झालेला भामरे! तो प्राचार्य होणार आणि मी त्याला नमस्कार करणार? बायकोवर जळतो ते घरातल्या घरात. भामरेवर जळायला लावलंस तर मी मरेन!"

"अहो, पण माय..."

"माय माझी आहे. तिचं मी बघीन. भामरेचं तू बघ!"

माय आतून म्हणाली, "जाय वं बाई. माले मना पोऱ्या शे."

हे तीन दिवस चालले. सर जेवण टाकीत, अंगणात फेऱ्या घालीत, भामरे कॉलेजात कसा झोपा काढी ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शेवटी सुमनताई माझ्याकडे आल्या. "भाऊ, यांचं हे काही बरं नाही. त्या भामऱ्यांच्या नावानं घास उतरत नाही यांना. मी होकार लिहिला आज. निदान जेवतील तरी."

त्या गेल्या. एसटीत बसताना सरांनी त्यांची ट्रंक टपावर चढवून घेतली आणि कंडक्टरला बजावले, "प्राचार्य आहेत. पुढची जागा द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, आता एसटीतसुद्धा ती पुढं."

गल्लीने निकाल दिला की एका जळक्या माणसाला दुसऱ्या जळण्याने हरवले. मलाही तसेच वाटत होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका शेतकी प्रदर्शनाच्या बातमीसाठी मला चाळीसगावला जावे लागले. तिथे भामरे भेटले. गोल, हसरा माणूस. बोलता बोलता मी म्हणालो, "जळगावची जागा तुमची थोडक्यात हुकली."

"कोणती जागा?"

मी सांगितले. भामरे पोट धरून हसले. "अहो, त्या जागेला फर्स्ट क्लास लागतो. मला कोण विचारतंय? मी कधी यादीतच नव्हतो. आणि बोरसेला हे चांगलं ठाऊक आहे. तो येऊन गेला ना इथं, सुमनवहिनींची बढती आली तेव्हा. एसटीनं आला, माझ्या इथं जेवला, आणि म्हणाला, भाम्या, थोडे दिवस तुला शिव्या घालणार आहे, राग मानू नकोस. मी विचारलं कशाला? तर म्हणाला, काम आहे."

बातमीदाराने एका माणसाचे ऐकून थांबू नये. धुळ्याला परतल्यावर संध्याकाळी मी समोरच्या ओट्यावर गेलो. सर एकटेच बसले होते.

"भामरे भेटले," मी म्हणालो.

सरांनी चष्मा काढून पुसला. "बोलला?"

"बोलले."

"मूर्ख आहे. कॉलेजातही असाच होता. तोंड मिटून बसायचं तिथं नेमका बोलायचा." मग ते म्हणाले, "तुम्ही हे तिच्या कानावर घालायचं नाही."

"साधं जा म्हणून सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर ती गेली नसती. मी तिच्याविषयी चांगलं बोललो की तिला वाटतं, ह्यांना बरं नाही. मन मोठं करतायत, आतून खचलेत. मग ती जन्मात हलली नसती. मी जळतो त्यावर मात्र तिचा विश्वास आहे. इतकी वर्षं खरोखर जळलो, त्याचा एवढा तरी उपयोग."

"म्हणजे ते खरं होतं?"

"खरं म्हणजे? पहाटे उठून शिकवलं मी, आणि हार तिला. जळणार नाही तर काय!" सर थोडे पुढे सरकले. "पत्रकार, ती रोज या वेळी यायची. पायांवर पाणी घ्यायची आणि इथं बसून सांगायची, आज कुणी काय म्हटलं, कुणी काय घातलं. मी असा जळायचो की जेवण जड व्हायचं. आता शनिवारी येते ती दमून येते. दोन गोष्टी सांगते आणि झोपते. आठवड्याचे हार राहूनच जातात."

ते उठले, गल्लीच्या तोंडापर्यंत नजर टाकून परत बसले. आमचा आवाज आत गेला असावा आणि सूनच आली असे मायला वाटले असावे. माजघरातून माय ओरडली, "सून उनी का रे यशवंता?"

"नही वं माय," सर ओरडले. "पेपरवाला शे."

"काय?"

मायला ऐकू कमी येई, म्हणून सरांना ते 'नही' पुन्हा सांगावे लागले.