रुपराव निनावे यांचे सेवेत असताना निधन

रुपराव निनावे म्हातारे झाले, ही गोष्ट प्रथम त्यांच्या पत्नी प्रयागबाई यांच्या लक्षात आली. १९७४ सालच्या पोळ्याच्या सुमारास रुपराव बडग्याचे नाक चिकटवायला शिडीवर चढले आणि थोड्या वेळाने नाक हातात घेऊन तसेच खाली उतरले.

"काहून उतरले?" प्रयागबाईंनी विचारले.

"काहून चढलो होतो तेच विसरलो," रुपराव म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, निघते आणि तिच्यासोबत बडगे निघतात. वर्षभरात लोकांना ज्याचा त्रास झाला असेल त्याचा कामट्या, चिंध्या आणि रद्दी वापरून पुतळा करायचा, तो वाजतगाजत गावभर फिरवायचा आणि शेवटी जाळायचा, अशी रीत आहे. रुपरावांनी तरुणपणापासून हेच केले. त्यांनी महागाई केली, डास केले, एका वर्षी साखरेचा काळाबाजारही केला, म्हणजे त्याचा पुतळा केला. सगळे जळाले. त्यामुळे म्हातारपणासाठी शिल्लक असे काही उरले नव्हते.

त्या काळी गांधीबागेत, लुगड्यांच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर, वृद्ध कलावंतांना साहाय्य देणारे एक कार्यालय होते. रुपराव तिथे गेले. कार्यालयाचे प्रमुख मनोहरराव देवतळे यांनी त्यांना समोर उभे केले.

"कलाकृती आणल्यात?"

"जाळल्या, साहेब."

"सगळ्या?"

"दरसाल जाळतेत. नाही जाळलं त लोकं नाराज होतेत."

देवतळेसाहेबांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे उभ्या आयुष्यात तुमची एकही कृती कोणाला ठेवावीशी वाटली नाही. तरी तुम्ही कलावंत."

या बाजूने रुपरावांनी कधी विचार केला नव्हता. त्यांना वाईट वाटले, आणि साहेबांना वाटू नये म्हणून त्यांनी मान डोलावली.

कुसुमताई नावाच्या लिपिक बाजूच्या टेबलावर बसत. त्यांनी मार्ग सुचवला. कलाकृती नष्ट झाली असल्यास अर्जदाराने एक नमुना करून द्यावा, समिती तो पाहील. साहेबांनी फक्त एक अट घातली : विषय कोणाच्या भावना दुखावणारा नसावा.

असा विषय रुपरावांना सुचेना. ज्याने कोणाला त्रास झाला नाही त्याचा बडग्या त्यांनी कधी केलाच नव्हता. कार्यालयाच्या बाकावर बसून ते विचार करत राहिले आणि समोर जे दिसले तेच शेवटी त्यांनी केले : खुर्चीत बसलेला एक अधिकारी. टेरिलीनचा शर्ट, जाड काड्यांचा चष्मा, खिशाला पेन आणि चेहऱ्यावर ‘उद्या या’ असा भाव. हा जळणार नाही म्हणून त्यांनी कान विशेष मन लावून केले. नखेही केली. समितीला कर्ता कळावा म्हणून छातीवर ‘रुपराव निनावे’ अशी पट्टी लावली.

नमुना कार्यालयात पोचला, पण समिती अजून नेमली गेली नव्हती. कोठारात जागा नव्हती, कारण तिथे कोठाराची जागा मागणारे कागद ठेवले होते. वरिष्ठ सहायकाचे पद मात्र रिकामे होते आणि त्या पदाची खुर्चीही रिकामी होती. पुतळ्याला तिथे तात्पुरते बसवण्यात आले.

दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्यासमोर उभे राहू लागले. रामटेककडचे एक भजनी बुवा आपली सगळी हकीकत त्याला सांगून समाधानाने जिना उतरले. "हे साहेब चांगले आहेत," ते शिपायाला म्हणाले, "बोलणं तोडत नाहीत. चहाचंही विचारत नाहीत." हळूहळू इतर टेबले ओस पडली. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

हिवाळ्यात मुंबईहून एक तपासनीस न कळवता आले. त्या वेळी सगळे कार्यालय खाली रस्त्यावर उन्हात संत्री सोलत बसले होते. तपासनीसांना वर एकच माणूस जागेवर आढळला. त्यांनी शेरा लिहिला : ‘श्री. निनावे आमच्या आगमनानेही विचलित झाले नाहीत. आम्ही तीन प्रश्न विचारले असता त्यांनी एकाचेही चुकीचे उत्तर दिले नाही. यांना कायम करावे.’

देवतळेसाहेब अडचणीत आले. निनावे पुतळा आहेत असे कळवले असते, तर बाकीची माणसे कुठे होती हेही कळवावे लागले असते. त्यांनी निनाव्यांना कायम केले.

त्यानंतर आपल्या अर्जाचे काय झाले हे विचारायला रुपराव आले.

"फेटाळला," साहेब म्हणाले. "शासकीय सेवेत असलेल्या माणसाला हे साहाय्य मिळत नाही."

"कोण सेवेत हाय?"

साहेबांनी खुर्चीकडे बोट दाखवले. रुपरावांनी छातीवरची पट्टी वाचली. अक्षर त्यांचेच होते.

"मंग पगार त द्या मले."

"पगार हजर असणाऱ्याला मिळतो. तुम्ही कितीक दिवसांनी उगवलात. आणि ते पाहा, रोज येतात, पण पगाराचा शब्द काढत नाहीत. त्याबद्दल वरून कौतुकाचं पत्र आलं आहे."

रुपराव घरी गेले. शिडी त्यांनी विकून टाकली. प्रयागबाई दोन घरी पोळ्या लाटायला जाऊ लागल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात निनाव्यांना वाळवी लागली. प्रथम ती पायाला लागली. कुसुमताईंनी त्यांची वैद्यकीय रजा मांडली, पण त्यांनी रजा घेतली नाही, ते येतच राहिले. मग एका सोमवारी, एका शाहिराची अडचण ऐकत असताना, त्यांचे डोके निखळून टेबलावर पडले. शाहीर बोलत राहिला. दुसऱ्याच्या अडचणीत इतके मन घालणारे अधिकारी त्याने पाहिले नव्हते.

कार्यालय दुपारनंतर बंद ठेवण्यात आले.

कुसुमताईंना दोन वर्षे रात्री नीट झोप लागत नव्हती. त्यांनी प्रयागबाईंना बोलावून घेतले. रुपरावही सोबत आले आणि बाकावर बसले.

"सेवेत असताना निधन झालं, तर पत्नीला निवृत्तिवेतन मिळतं," कुसुमताई हळू आवाजात म्हणाल्या. "दर महिन्याला. जन्मभर."

"मी कुंकू पुसणार नाही," प्रयागबाई म्हणाल्या.

"नियमात कुंकवाचा उल्लेख नाही. फक्त नवरा वारलेला लागतो."

"कोनाचा नवरा?"

"तुमचा. रुपराव निनावे."

प्रयागबाईंनी बाकाकडे पाहिले. "तुम्हाले चालते का?"

रुपरावांनी मान वळवली. वाळवी लागलेला तो देह कोपऱ्यात पोत्याखाली ठेवला होता आणि पोत्याबाहेर एक कान दिसत होता. कान खरोखर चांगला झाला होता.

"आपल्याले लेकरू नाही वं," ते म्हणाले. "असतं त त्यानंच पोसलं असतं म्हातारपणी. थो पोरगाच होता समज. नोकरीले लागला, गेला बिचारा." मग त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. प्रयागबाईंनी अंगठा उठवला, कपाळावर मोठे कुंकू ठेवून. साहेबांनी त्यांचे सांत्वन केले आणि रुपरावांना विचारले, "आपण मयताचे कोण?"

"बाप," रुपराव म्हणाले.

बडगे करणारे रुपराव निनावे गेल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. नगरातील कलाप्रेमी हादरले. बडगे जाळताना पुढे होऊन काडी लावणारी सगळी प्रतिष्ठित मंडळी एकत्र आली आणि एका सभागृहात मोठी शोकसभा झाली. रुपराव धुतलेला सदरा घालून गेले. ते पुढच्या रांगेत बसले, तेव्हा स्वयंसेवकाने त्यांना उठवले, कारण ती रांग रसिकांसाठी राखीव होती. ते मागे जाऊन बसले.

भाषणे उत्तम झाली. अध्यक्ष म्हणाले की असा कलावंत जिवंतपणी भेटला असता तर या नगराने त्याला तळहातावर ठेवले असते. सभागृहात हुंदके ऐकू आले. स्मारकासाठी झोळी फिरली, आणि रुपरावांनीही घरून आणलेली चिल्लर तिच्यात टाकली. त्यांना इतके भरून आले होते की ते बाजूच्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "मीच थो रुपराव."

"शू," बाजूचा माणूस म्हणाला. "ऐकू द्या."

तो कोण होता हे रुपरावांना माहीत नाही. पण तुम्ही त्या सभेला गेला असाल, आणि शेजारी एक म्हातारा काहीतरी पुटपुटत होता असे तुम्हाला आठवत असेल, तर रुपरावांच्या मनात काही राग नाही. त्या दिवशी तुमचे डोळे खरोखर ओले होते, असे ते अजूनही कौतुकाने सांगतात.