शेलारांचा वारा

आमचे शेलार लिफ्टमध्ये शिरले, की बोट जिभेला लावून वर धरतात आणि विचारतात, "वारा कुठलाय?" आता इथे आखातात, जुफैरच्या आमच्या बिल्डिंगच्या बंद लिफ्टमध्ये कुठला आलाय वारा! पण हा माणूस ऐकेल तर शपथ.

मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये ते सेफ्टी ऑफिसर. तिथे वेल्डिंग करायचं तर आधी त्यांचं परमिट लागतं, आणि शेजारी पाणी घेऊन एक माणूस उभा हवा. त्याला फायर वॉच म्हणतात. एकदा वाऱ्याची खात्री होईना म्हणून यांनी अख्खी शिफ्ट बसवून ठेवली. मॅनेजर "यल्ला, शेलार, यल्ला!" म्हणून घाई करत ओरडतोय आणि हे आपले बोट वर करून ढिम्म.

आणि हेच गृहस्थ दर वर्षी उन्हाळा सरला की स्वतःच्या बाल्कनीत आग लावतात! मी त्यांच्या डोक्यावरच राहतो. वाळत घातलेल्या माझ्या शर्टांना धुराचा वास. पहिल्या वर्षी तणतणत खाली गेलो, तर दारातच माझ्या हातात ओलं पोतं आलं.

"बरं झालं आलात, सावंत. फायर वॉच मिळत नव्हता."

वर परमिटवर माझी सही घेतली. कामाचा प्रकार: गवत जाळणे. ठिकाण: टब.

टबात साताऱ्याकडच्या त्यांच्या डोंगरावरची माती, मध्ये उभी फळी. एका बाजूचं वाळकं गवत जाळायचं, दुसरीकडचं तसंच ठेवायचं, दोन्हीकडे सारखं पाणी घालायचं आणि काय उगवलं ते वहीत लिहायचं. सहा वर्षं हा उद्योग चाललाय. मी त्यांना तोंडावर वेडा म्हणालोय.

यंदा ती वही मी वाचली. दर वर्षी तेच. न जाळलेल्या बाजूला दाट गवत, वर बारीक जांभळी फुलं. जाळलेल्या बाजूला चार राठ काड्या.

"कळलं ना एकदाचं?" मी म्हणालो. "जाळून काही फायदा नाही. आता खलास करा हे!"

शेलार काडेपेटीशी चाळा करत राहिले.

"वडील पावसाआधी डोंगरावरचं गवत जाळायचे. एकानं पेटवायचं, एकानं ओलं पोतं घेऊन उभं राहायचं. पोतं माझ्याकडे. त्यासाठी दर वर्षी लीव्ह घेऊन जायचो. त्या वर्षी लीव्ह दिली नाही. त्यांनी डोंगरावरून फोन केला. म्हणाले, तुझ्या मोबाइलवर दिसतं ना, वारा कुठलाय? मी इथं बसून बघितलं. म्हणालो, वारा नाही बाबा, पेटवा."

त्या संध्याकाळी वडिलांना डोंगरावरून चादरीत घालून खाली आणलं होतं.

चुलीत गेली ती लीव्ह आणि ती नोकरी, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मीही इथं तसलीच नोकरी करतो.

"बाबा म्हणायचे, जाळल्याशिवाय चांगलं गवत येत नाही," शेलार म्हणाले. "एकदा तरी त्यांचं खरं ठरू दे हो, सावंत. नाहीतर ते गेले कशासाठी?"

मी पोतं भिजवून आणलं, परमिटवर सही केली. त्यांनी काडी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"वारा कुठलाय?"

मी बोट जिभेला लावलं आणि वर धरलं.