फोटोवाल्याची बोटं

"आपल्या मनात भेदभाव नावालाही नाही!" फोटोवाल्यानं छाती फुगवून जाहीर केलं. ऐकायला स्टुडिओत होती फक्त त्याची ताई. ती काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

पण गड्याचा उत्साह काही विचारू नका! चाळिशीला टेकलेला हा माणूस कित्येक महिने एका दातांच्या डॉक्टरीणबाईंशी ऑनलाइन नुसतं लिहून बोलत होता, आणि आज त्या पहिल्यांदा भेटायला येणार होत्या. बाईंचे आजी-आजोबा दूरच्या खंडातून आलेले. बाई वर्णानं काळ्या, केस दाट कुरळे, आणि लिहायच्या असं गमतीचं, की हा फोनकडे बघून एकटाच खिदळायचा. आधी भेटलेल्या पुरुषांचे किस्सेही त्यांनी याला सांगितले होते. एकानं बसल्या बसल्या विचारलं, "तुमच्या केसांना हात लावून बघू?" दुसरा म्हणाला, "तुम्ही लोक पळण्यात एक नंबर, नाही का?" आणि बाईंना तर जिना चढला तरी धाप लागते! ते वाचून फोटोवाला असा तापला, की समोरचा चहा प्यायचा राहून गेला. आपण यांना असं कधी दुखवायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं. जीव जडला होता हो त्याचा!

"ताई, नीट ऐक. केसांकडे टक लावून बघायचं नाही. 'मूळच्या कुठल्या' विचारायचं नाही. आणि 'दात किती पांढरेशुभ्र' असलं तर मुळीच म्हणायचं नाही!"

"अरे, त्या दातांच्याच डॉक्टर ना?"

"तरी नाही!"

"मग बोलायचं काय? हवापाणी?"

"हवा चालेल. ऊन नको."

ताईनं कात्री खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

बाई आल्या. दारात जरा थबकल्या, दुकानभर नजर फिरवली. "या, या, मीच तो!" असं हा ओरडला, तेव्हा "अच्छा, तुम्ही होय!" म्हणून हसल्या. त्यांचा नवा दवाखाना सुरू व्हायचा होता, दारावरच्या पाटीसाठी फोटो हवा होता. "म्हटलं, तुमच्याकडूनच काढून घेऊ. म्हणजे भेटही होईल."

आता एक मात्र मान्य करायला हवं, की माणूस कामात वाकबगार! त्यानं दिवे हलवले, पडदा बदलला, एक फालतू विनोद करून बाईंना हसवलं आणि नेमकं ते हसू पकडलं. मोठ्या स्क्रीनवर फोटो आला, तेव्हा ताईसुद्धा म्हणाली, "वा!"

तिथंच थांबायचं ना? पण नाही! हा कॉम्प्युटरसमोर बसला आणि बोलायला लागला.

"लोकांचं मला नवल वाटतं. माणसाकडे माणूस म्हणून बघावं! मी तर रंग बघतच नाही."

तोंड हे बोलत होतं, आणि बोटं? बोटं आपली रोजची कामं करत होती. एक बटण दाबलं, चेहरा उजळला. दुसरं दाबलं, अजून उजळला. मग नाक थोडं बारीक झालं, केस चापूनचोपून बसले. इतक्या वर्षांत स्टुडिओत आलेला एकही चेहरा या बटणांतून सुटला नव्हता. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. ताई खाकरत होती, खुणा करत होती, शेवटी तिनं स्टुलाला लाथही मारली. पण गडी रंगात आलेला! त्यानं झोकात मोठी प्रिंट काढली आणि अदबीनं पुढे केली.

"घ्या! कसा वाटला?"

बाईंनी बराच वेळ बघितला. "छान आहे. कोण आहे ही?"

फोटोवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अरेच्चा! हा कॉम्प्युटर म्हणजे ना..." म्हणत त्यानं उलटं बटण दाबलं, ते जरा जास्तच दाबलं गेलं आणि स्क्रीनवरचा चेहरा हिरवा झाला.

ताई मदतीला धावली. "मनावर घेऊ नका हो, हा सगळ्यांनाच असं करतो! मागं एका वारलेल्या आजोबांना इतकं गोरं केलं, की घरचे म्हणाले, हे आमचे नव्हेत!"

"ताई, तू गप्प बस!"

बाईंनी पर्स उचलली. आवाज चढवला नाही. "केसांना हात लावू का म्हणणाऱ्यानं निदान विचारलं तरी होतं."

फोटोवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉम्प्युटर, सवय, गिऱ्हाइकांची आवड अशी सगळी उत्तरं ओठांवर आली होती, ती त्यानं गिळली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "कॉम्प्युटरचा दोष नाही. बोटं माझीच आहेत."

बाई दाराशी थांबल्या. पर्समधून फोन काढून त्यांनी त्याच्यासमोर धरला. "आणि हा कोण? आले तेव्हा मी यालाच शोधत होते."

फोनवर त्यानं स्वतःच ऑनलाइन प्रोफाइलला लावलेला स्वतःचा फोटो होता. ताईनं चष्मा चढवून बघितलं. "अगं बाई! हा तर कुठला तरी बँक मॅनेजर वाटतोय!"

आपला चांगला सावळा, रुंद नाकाचा फोटोवाला त्या पिठासारख्या चेहऱ्याकडे बघत राहिला. याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. स्वतःलाही तो त्याच बटणांखाली घालून मोकळा झाला होता. त्याला स्वतःची कीव आली आणि लाजही वाटली.

"बसा त्या स्टुलावर," बाई म्हणाल्या.

त्यांनी कॅमेरा उचलला आणि खटकन फोटो काढला. स्क्रीनवर चेहरा आला, तसा याचा हात सवयीनं पुढे सरकला. बाईंनी त्यावर चापट मारली.

"हे तर थेट आपले बाबा रे," ताई हळूच म्हणाली. फोटोवाल्याला हुंदका आवरेना. बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावलेला त्यांचा फोटोही यानंच उजळवला होता.

बाईंनी मात्र स्क्रीनजवळ वाकून बारकाईनं बघितलं. "रंग उत्तम आहे. पण वरच्या डावीकडच्या दाताला कीड लागलीय. सोमवारी दवाखान्यात या. माझा फोटो घेऊन या, काढला तसा."

त्या गेल्या. फोटोवाला दाराकडे बघत बसला. "ताई, ही भेट समजायची, की नुसती अपॉइंटमेंट?"

"भेटच समज," ताई पुन्हा कात्री उचलत म्हणाली. "आणि तुझं नशीब चांगलं आहे बाबा! तिथं सगळा वेळ तोंडात यंत्र असेल. बोलता यायचं नाही."