क्रॅगडेलचा सामना-अंक

अंकाच्या घडीवर दोन पिना असतात. दोन्हींची टोकं आतल्या बाजूला सपाट मिटलेली असावी लागतात. एखादं उभं राहिलं तर मधलं पान फाटतं. हिल्डा ऑर्मरॉड प्रत्येक सामन्याआधी अंगठा फिरवून ती तपासत असे.

शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती तेव्हापासून, म्हणजे एकोणतीस वर्षं, क्रॅगडेल टाउन फुटबॉल क्लबचा सामना-अंक तीच काढत होती. सामन्याच्या दिवशी मैदानावर विकायची चोवीस पानांची पुस्तिका. खेळाडूंची यादी, पाहुण्या संघाचा इतिहास आणि अध्यक्षांचं मनोगत. तेही तीच लिही. अंक गेला तर शनिवारी करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

छापील अंक ठेवावा की बंद करावा, हा विषय दोन वर्षं समितीपुढे होता. अकरा बैठकांत सखोल चर्चा होऊन निर्णय पुढे ढकलण्यात आला. दरम्यान, निर्णयावर प्रभाव पडू नये म्हणून, क्लबने डिजिटल अंक सुरू केला आणि लॉरेन बटरवर्थ हिला डिजिटल सहभाग अधिकारी नेमलं.

प्रवेशद्वारावर काळापांढरा चौकोन लागला. फोन धरला की अंक उघडणार. मैदानाभोवती टेकड्या असल्याने नेटवर्क मात्र फक्त चहाच्या टपरीमागे मिळे. अंकाची रांग आणि चहाची रांग एक झाली. एका वृद्ध सभासदाला अंकाऐवजी टपरीवरचे उकडून कुस्करलेले वाटाणे मिळाले. त्याने तक्रार केली नाही.

मग लॉरेनने फोन कसा धरावा याचं पत्रक छापलं. चष्मेवाल्यांसाठी अक्षर मोठं केलं. पायऱ्यांवर फोन पाहू नये, अशी सूचना विमा कंपनीने घालायला लावली. पत्रकाची सोळा पानं झाली. निर्णय प्रलंबित असल्याने त्याला अंक म्हणता येईना. त्याचं अधिकृत नाव 'छापील साहाय्यक पुस्तिका' ठरलं. जुने अंक जमवणारे संग्राहक प्रत्येकी दोन प्रती घेऊ लागले.

अशातच 'छापील अंक वाचवा' अशी ऑनलाइन मोहीम निघाली. मैदानावर साडेतीनशे माणसं येत. सह्या आल्या चार हजार.

अंक खरंच कुणी वाचतं का, यासाठी हिल्डाला सह्यांपेक्षा पुरावा बरा वाटे. तिने सलग तीन अंकांत, नवव्या पानावर, 'गोलरक्षकाशी मनमोकळ्या गप्पा' या मथळ्याखाली मोरचुदाचे स्फटिक वाढवण्याची कृती छापली. एकही पत्र आलं नाही. गोलरक्षकाच्या आईने ते पान चौकटीत लावलं.

बाराव्या बैठकीत हिल्डाने तिन्ही अंक टेबलावर ठेवले.

"क्लिफर्ड, नववं पान वाच."

अध्यक्ष क्लिफर्ड बूथने चष्मा शोधला. "'संपृक्त द्रावण गाळून घ्यावं...' पोरगा बराच शिकलेला दिसतो गं."

"ती मोरचुदाची कृती आहे."

"म्हणजे त्याला स्वयंपाकही येतो?"

"विष आहे ते, क्लिफर्ड. तीन अंक झाले. कुणीही वाचलेलं नाही."

समितीतला संग्राहक आल्बर्ट सग्डन दुखावला. त्याच्याकडे १९५८पासूनचा प्रत्येक अंक होता. "वाचायचा म्हणजे उघडायचा. उघडला की घडी पडते. मी इतका निष्काळजी वाटलो का तुला, हिल्डा?"

"मग सही कशाला केलीस?"

"वाचायला नको गं. असायला हवा."

"अगदी बरोबर," लॉरेन म्हणाली. "चार हजार लोकांचं तेच म्हणणं आहे. डिजिटल अंक आजवर सहा वेळा उघडला गेला. त्यातल्या पाच वेळा मीच होते."

"म्हणजे तोही कुणी वाचत नाही," हिल्डा म्हणाली.

"पण आहे ना."

क्लिफर्डने विषय तेराव्या बैठकीवर ढकलायला तोंड उघडलं. हिल्डाने कार्यवृत्ताची वही आपल्यापुढे ओढली.

"आज नाही ठरलं, तर पुढचं मनोगत तू स्वतः लिहायचंस."

क्लिफर्डने तिन्ही अंक उचलले, हातांत तोलून पाहिले, न उघडता सारखे करून ठेवले. त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"लिहून घे, पोरी," तो एकाहत्तर वर्षांच्या हिल्डाला म्हणाला. "लोकभावनेचा आदर म्हणून छपाई चालू ठेवायची. मजकूर तेवढा बंद."