रप्पाई मास्तरांची मागणी

रप्पाई मास्तर दुपारच्या झोपेतून उठले तेव्हा त्यांचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. त्यांना याची गंधवार्ताही नव्हती. त्यांनी चूळ भरली, चहाचं आधण ठेवलं, तोच फोन वाजला. मस्कतहून मुलगा, जोबी.

"अप्पच्चा," जोबीचा आवाज घोगरा झाला होता, "निदान मला तरी आधी सांगायचं."

"काय सांगायचं? केळ्याच्या वेफर्सचं? लोनप्पनला सांगितलंय पाठवायला."

"वेफर्स जाऊ देत खड्ड्यात! आम्ही रागावलेलो नाही. मी 'हो' म्हटलंय, तुमच्या सुनेनंही 'हो'च म्हटलंय. अम्मच्ची गेल्यापासून एकटेच कांजी ढवळताय, आम्हाला काय कळत नाही?"

पुढे एक हुंदका ऐकू आला आणि फोन बंद झाला. मास्तर आधणाकडे बघत राहिले. पोराला ऊन लागलं असावं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी 'गल्ली विधानसभा' उघडली आणि तिथंच स्टुलावर बसले.

'गल्ली विधानसभा' हा त्रिशूरच्या त्या गल्लीचा, परदेशी गेलेल्या पोरांसकट, फोनवरचा गट. सुरू झाला होता नळाला पाणी कधी येणार हे विचारायला. पण त्या गावात तीन माणसं जमली की दोन पक्ष होतात आणि तिसरा फुटून निघतो. बघता बघता बेकरीवाला लोनप्पन मुख्यमंत्री झाला. कुवेतच्या इस्पितळात उभी हयात परिचारिका म्हणून काढून परतलेली थ्रेस्यम्मा विरोधी पक्षनेती झाली. तिनं लग्न केलं नव्हतं. भावंडांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलं होतं. आणि गणिताचे निवृत्त शिक्षक रप्पाई मास्तर झाले अध्यक्ष. राज्यघटना त्यांनीच लिहिली. ठराव एकदा मतदानाला टाकला की मागे घेता येणार नाही. जो मत देणार नाही त्याचं 'हो' धरलं जाईल. आणि मंजूर झालेला ठराव मांडणाऱ्यानंच त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत अमलात आणायचा. कुचराई केली तर वर्षभर सभेबाहेर.

सगळा पोरखेळच, पण गल्ली तो मनापासून खेळायची. या घटनेपायी लोनप्पनला वड्यातलं मीठ कमी करावं लागलं होतं आणि निवृत्त फौजदार भार्गवननं आपला पहाटे ओरडणारा कोंबडा सासुरवाडीला पोचवला होता. मत देताना लोक हसायचे. निकाल लागला की कुणी हसायचं नाही.

आता झालं होतं ते असं. ओणमच्या चौथ्या दिवशी गल्लीचे वाघ नाचायचे. दांडगी ढेरपोटी माणसं अंगभर पट्टे रंगवून घ्यायची, आणि ते रंगकाम चालायचं थ्रेस्यम्माच्या अंगणात, कारण तेवढं मोठं अंगण दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पण मागच्या वर्षी एक वाघ ओल्या रंगानिशी तिच्या पांढऱ्या भिंतीला टेकून झोपला. तेव्हापासून तिनं वाघांना फाटक बंद केलं होतं. सकाळी बेकरीत मास्तर आणि लोनप्पन, दोघंच, यावर डोकं चालवत होते. सभेनंच हुकूम काढला तर बाईला नाही म्हणता येणार नाही, असं मास्तरांनी सुचवलं. घरी आले, चुलीवरचा भात उतू जात होता, त्या घाईत त्यांनी ठराव टाकला आणि जेवून झोपले.

ठराव होता: 'मी थ्रेस्यम्माला मागणी घालावी का?' खाली दोन पर्याय, हो आणि नाही.

गणिताच्या मास्तरांनी भाषेकडे कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. 'अंगणाची' हा शब्द डोक्यात होता, तो डोक्यातच राहिला.

आधी कुणीतरी लिहिलं, 'देवा!' आणि त्यानंतर धरण फुटलं. 'मास्तर, छातीला मानलं!' 'बघा, बघा, बावीस वर्षांच्या पोरांना जमत नाही.' ज्यांचा रोजचा नमस्कारसुद्धा मास्तर घाबरत घाबरत घ्यायचे, त्या चर्चमधल्या गायनाच्या बाईंनी गाणी निवडून ठेवली होती. सगळ्यांत कहर केला होता लोनप्पननं. त्याला ठरावाचा खरा अर्थ ठाऊक. भर गिऱ्हाइकीत बाकीचं काही न वाचता त्यानं लिहून टाकलं होतं, 'उशीर नको! पिवळा रंग मी आणून ठेवलाय. पोटं घासून सगळे तयार आहेत.'

त्याखाली भार्गवननं विचारलं होतं, 'लग्नात पोटं कशाला घासायची?'

सगळीकडे 'हो'. 'नाही' फक्त एक. थ्रेस्यम्मा.

मास्तरांनी लोनप्पनला फोन लावला. "अरे, मी अंगणाचं विचारलं होतं!"

"मग? मी पण अंगणालाच मत दिलंय."

"गल्लीनं लग्नाला दिलंय, गाढवा! वर वाच!"

पलीकडे कढई चरचरत होती. मग लोनप्पनचा आवाज एकदम खोल गेला. "आई माझे... मास्तर, आता?"

"आता तूच खुलासा कर. मी केला तर ठराव मागे घेतला असं म्हणतील."

लोनप्पननं खुलासा केला. लिहिलं, 'गैरसमज नसावा. मास्तरांना बाईंशी मतलब नाही, फक्त अंगण हवंय.'

यावर असा भडका उडाला की मास्तरांनी फोन टेबलावर पालथा घातला. 'हुंड्यात अंगण?' 'शिकलेला माणूस!' 'त्या बाईनं वाळवंटात घाम गाळून घेतलेली जागा ती!' भार्गवननं खाकी आवाजात लिहिलं, 'हुंडा मागणं गुन्हा आहे. मी निवृत्त असलो तरी कायदा निवृत्त झालेला नाही.' जोबीचा एकच शब्द आला, 'अप्पच्चा???'

तेवढ्यात फाटक करकरलं आणि मास्तरांची थोरली बहीण अन्नंकुट्टी, हातात धुवट शर्ट घेऊन, घरात शिरली.

"एडा, अरे रप्पाई! लाज नाही वाटत? लग्न कर, चार लग्नं कर, पण अंगण मागतोस?"

"चेची, मला लग्नच नको—"

"आणि आता मुलीला नाकारतोस? अख्ख्या गल्लीसमोर नाव घेऊन?"

"मुलगी? चेची, ती साठीची आहे!"

"म्हणून काय तिला अब्रू नाही? हा शर्ट घाल. जा, तिच्या पाया पड, काय पाहिजे ते कर. दिवे लागायच्या आत."

मास्तर फोन खिशात टाकून निघाले. गल्लीत एवढी माणसं एकाच वेळी झाडांना पाणी घालताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. आदल्या रात्री धो धो पाऊस पडून गेला होता.

थ्रेस्यम्मा ओसरीवर बसून ओणमच्या रांगोळीसाठी झेंडूच्या पाकळ्या सुट्या करत होती. समोर फुलांच्या चार टोपल्या.

"या, अध्यक्ष महाराज," तिनं मान वर न करता म्हटलं. "ही बघा फुलं. दुपारपासून बायका आणून देतायत. एकीनं तर माझ्या ब्लाउजचं मापही विचारलं."

"थ्रेस्यम्मा, फार मोठा घोटाळा झाला. मला तसं म्हणायचंच नव्हतं. मला फक्त अंगण हवं होतं. वाघ रंगवायला."

तिचे हात थांबले. "फक्त अंगण?"

"फक्त अंगण! देवाशपथ. दुसरं काहीसुद्धा नको."

आता ती सुटकेचा श्वास टाकेल, हसेल, असं मास्तरांना वाटलं होतं. तिनं हातातलं फूल टोपलीत टाकलं.

"दुसरं काहीसुद्धा नको. छान. म्हणजे या घरात घेण्यासारखं काय, तर अंगण."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प करणाऱ्या मास्तरांच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "पण 'नाही' तर तुम्हीच म्हणालात! सगळ्या गल्लीत तुम्ही एकट्या!"

बोलून गेल्यावर आपल्याच आवाजातला रुसवा त्यांच्या कानावर पडला आणि ते दचकले. तो रुसवा दुपारपासून आत बसून होता की काय, कोण जाणे.

"मग काय म्हणू?" थ्रेस्यम्मा आता सरळ त्यांच्याकडे बघत होती. "गल्लीला विचारलंत. मस्कतला विचारलंत. बेकरीतल्या गड्यांनीसुद्धा मत दिलं. मला विचारलंत?"

कुंपणापलीकडे पाण्याची झारी कुणाच्या तरी हातातून पडली.

"विचारलं असतं," मास्तर म्हणाले, "तर?"

थ्रेस्यम्मानं पुन्हा एक झेंडू उचलला.

"अंगण मी सुटं देत नाही," ती म्हणाली. "घेणाऱ्यानं घरासकट घ्यावं."

मास्तरांनी खिशातून फोन काढला. सकाळी भात उतू जात होता तेव्हा हा माणूस सुखी विधुर होता. "मी... मी जरा सभेत चर्चेला..."

तिनं नुसती नजर वर केली.

मास्तरांनी फोन बंद केला. चपला काढल्या, ओसरीवर बसले, एक टोपली ओढून घेतली आणि पाकळ्या सुट्या करू लागले. पहिलं फूल देठासकट कुस्करलं. तिनं ते काढून टाकलं आणि दुसरं हातात दिलं.

भार्गवनला राहवेना. त्यानं कुंपणावरून मुंडकं वर काढलं. "थ्रेस्यम्मा चेची, काही तक्रार असेल तर सांगा, आत्ता बघतो यांच्याकडे. निकाल काय लागला?"

"डोळे फुटले काय तुमचे?" थ्रेस्यम्मा म्हणाली. "कामाला लावलंय."